वीस नंबरची सुई

शिलाई मशीनच्या सुईचा हिशेब सरळ असतो. ११ नंबर बारीक, जॉर्जेट-शिफॉनसाठी. १४ रोजची, सुती ब्लाउजसाठी. १६ आणि १८ जीन्सला, नाहीतर पडद्यांच्या जाड कापडाला. नंबर वाढला की सुई जाड. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, त्यामुळे हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "२० नंबर" वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. एवढ्याशा जिवाला २० नंबर? मेडिकलवाल्याला म्हटलं, "भैया, इससे छोटा नंबर दो, सोलह वगैरह." तो हसला. "भाभी, सोलह तो और मोटी आती है. इसमें उल्टा चलता है."

इंजेक्शनच्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हे कळलं, ते चिंधीमुळे.

चिंधी आमच्याच घरात जन्मली, २०११ च्या श्रावणात. बाहेरची एक मांजर माझ्या चिंध्यांच्या गोणीत व्याली. चार पिल्लं झाली. तीन उचलून नेली, चौथं न्यायला ती आलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, येईल परत." दोन दिवस वाट पाहिली, मग कापसाच्या बोळ्याने दूध पाजायला घेतलं. पांढरं, काळं, तांबूस, सगळी ठिगळं लावल्यासारखं पिल्लू. गोणीत बसलं की कापड कुठलं आणि ते कुठलं, कळायचं नाही. नाव शोधावंच लागलं नाही. पहिला महिनाभर आम्ही तिला चिंध्या म्हणत होतो, बोका समजून. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे नंतर कळलं. रंग काळा की तांबडा हे एक्स गुणसूत्रावर ठरतं, तेव्हा दोन्ही हवे तर दोन एक्स हवेत. असो, नावाचा काना तेवढा बदलला.

तिच्या लाडांचं वर्णन करत नाही, प्रत्येकाच्या घरचं मांजर सारखंच लाडकं असतं. एवढंच सांगते की मी खडूने खूण करायला कापड पसरलं की नेमकी त्या खुणेवर ती येऊन बसायची, आणि दुपारी पायडलखाली झोपायची. मशीनवर बसण्याआधी मी वाकून खाली बघायची. एक गिऱ्हाईक ब्लाउजला केस चिकटतात म्हणून दुसरीकडे गेलं. गेलं तर गेलं.

आता पाण्याबद्दल. हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण हीच गोष्ट मला अजून टोचते.

२०२४ च्या उन्हाळ्यात चिंधी पाणी फार प्यायला लागली. आमच्याकडे इंदुरात, राजेंद्रनगरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून न्हाणीघरात बादल्या भरलेल्या असतात. ती बादलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून उभी राहायची आणि किती तरी वेळ लपलप करत प्यायची. आम्ही कौतुक करायचो. "बघा, माणसांपेक्षा शहाणी, उन्हाळ्यात पाणी पिते." पाऊस पडला, दिवाळी झाली, थंडी आली. तिचं पिणं तसंच. तिच्या मातीची पाटी मी एक दिवसाआड बदलायची, ती रोज बदलावी लागायला लागली, तर त्यावर मी कुरकुर केली. बस, तेवढंच. गिऱ्हाईक दारातून आत येताना कमरेत अर्धा इंच वाढलंय हे मला माप न घेता कळतं. आणि माझ्याच पायांशी झोपणारं मांजर किलोभर उतरलं, ते मला दिसलं नाही. वर लोकर दाट असते ना. सैल कुडत्यात माणूस दिसत नाही, तसंच.

नोव्हेंबरमध्ये एका दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी जंताचं औषध दिलं, व्हिटॅमिनचे थेंब दिले आणि "बुढी हो गई है" म्हणाले. रक्त तपासू का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

फेब्रुवारीत तिने खाणं सोडलं. तोंडाला मुतारीसारखा वास येऊ लागला. तेव्हा ह्यांनी टोपलीत घातलं आणि राऊ ओलांडून महूला नेलं. तिथे जुनं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रक्त घेतलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, ४.८. निरोगी मांजरीत ते साधारण दीडच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतं. तिथल्या तरुण डॉक्टरने कागदावर घेवड्याच्या दाण्यासारखी किडनी काढली आणि तिचा तीन-चतुर्थांश भाग रेघा मारून काळा केला. एवढं गेल्याशिवाय रक्तात हा आकडा वाढतच नाही, म्हणाला. गेलेलं परत येत नाही. उरलेल्या पाव भागावर किती दिवस काढता येतील ते बघायचं. मांजर आजार लपवते, कारण तिलाही कोणीतरी खाणारं असतं, हे त्याने ज्या सहजपणे सांगितलं ते मला आवडलं. माझ्या मनावरचं ओझं काही त्याने कमी झालं नाही.

मग सुई. रिंगर लॅक्टेट नावाच्या सलाइनची ५०० मिलीची बाटली, त्यातलं १०० मिली एक दिवसाआड कातडीखाली सोडायचं. शिरेत नाही, कातडीखाली. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडी चिमटीत धरून उचलायची, तंबूसारखी, आणि त्या तंबूच्या दारातून सुई आत. डॉक्टरने करून दाखवलं, मला वाटलं हे तर टक्स घालण्यासारखं आहे. कापड चिमटीत धरायचं, टाचणी लावायची. रोज शंभर वेळा करते मी ते.

पहिल्या दिवशी घरी हात असा थरथरला की काय सांगू. ह्यांनी तिला टॉवेलमध्ये धरलं होतं, मी डोळे मिटून सुई खुपसली, बाटली सुरू केली आणि पाणी तिच्या पाठीवरून टॉवेलवर वाहायला लागलं. सुई एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती. दोन्ही पदर शिवले होते मी. तीस वर्षांच्या अनुभवाची बाई! चिंधी मात्र हललीही नाही. मला रडू आलं, हे म्हणाले, "उसवून पुन्हा घाल."

पंधरा दिवसांत जमलं. तयार ब्लाउज टांगायच्या खिळ्याला बाटली. त्याआधी ती कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं, कारण गार पाणी कातडीखाली गेलं की ती शहारायची. पाणी गेलं की पाठीवर उंटासारखा फुगा यायचा, तो हळूहळू एका पायाकडे उतरायचा, आणि मग बाईसाहेब एका बाजूला जाड होऊन घरभर फिरायच्या. आम्हाला हसू यायचं. त्या सहा महिन्यांत आम्ही घरात बरंच हसलो.

खाण्याचा मात्र गोंधळ. दूध, दही, मलाई बंद, त्यातला फॉस्फरस किडनीला सोसत नाही. किडनीचं वेगळं खाद्य मिळतं, ते महाग आणि तिला नको. मांस हे तिचं मूळ अन्न, ते थोडं तरी पोटात जायला हवं. आमचं घर शाकाहारी. हे अंगणात वेगळ्या शेगडीवर चिकन उकडायचे आणि सासूबाई त्या वेळी बरोबर पोथी घेऊन पुढच्या खोलीत बसायच्या. वास येत नसल्यासारखा चेहरा करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

शेजारच्या भाभींनी प्रेमापोटी एकदा पॅरासिटामॉलची अर्धी गोळी आणून दिली, कण्हतेय बिचारी म्हणून. मी ठेवून घेतली आणि मागे टाकून दिली. मांजर असणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: ती गोळी मांजराला विष आहे. अर्धीही, पावही.

दर रविवारी वजन. मसाले मोजायच्या डिजिटल काट्यावर टोपली, टोपलीत चिंधी. आकडे मी मापाच्या वहीतच लिहायची, तीच हाताशी असते. ३.१. २.९. पुन्हा २.९, त्या रविवारी आम्ही पोहे-जलेबी आणली. मग २.७.

ऑगस्टअखेर, गणपती बसले तेव्हा ती २.१ होती. मान वर धरवेना तिला. कातडी चिमटीत उचलून सोडली तर तशीच उभी राहायची, इस्त्रीची घडी राहते तशी. घरी येणाऱ्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि मला विचारलं, "हिला आवडणाऱ्या तीन गोष्टी सांगा." मी सांगितल्या. पसरलेल्या कापडावर बसणं. संध्याकाळी ह्यांच्या स्कूटरचा आवाज आला की फाटकाशी जाणं. आणि बादलीतलं पाणी. "यातलं आता काय करते?" कापड नाही. फाटक नाही. बादलीशी जायची, पण पुढचे पाय वर टाकता येत नव्हते. म्हणून मी पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं खाली ठेवलं होतं, तर त्याच्या काठावर हनुवटी टेकवून बसून राहायची. पीत नव्हती.

डॉक्टरबाई पुढचं काही बोलल्या नाहीत. मला कळलं. पण मांजर मारायचं? ज्या घरात लहानपणापासून ऐकलंय की मांजर मेलं हातून तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं? आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या. मांजर म्हणजे सटवाईचं वाहन, म्हणून चिंधीने दुधात तोंड घातलं तरी त्यांनी कधी हात उगारला नाही. त्यांना कसं सांगायचं, यावर आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलत होतो. त्यांना ऐकू कमी येतं अशी आमची समजूत.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "सोन्याचं मांजर मी देईन. तिला सोडव तू."

आणि बोरमाळेतला एक मणी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

डॉक्टरबाई राजवाड्याजवळ राहतात. शनिवारी अनंत चतुर्दशी होती. त्या रात्री इंदुरात कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात. हुकुमचंद मिल बंद पडून तीस वर्षं उलटली, तरी तिची झांकी निघतेच. रस्ते बंद, पहाटेपर्यंत गर्दी. सोमवारी येते म्हणाल्या. म्हणजे दीड दिवस हातात आला. त्या दीड दिवसात मी सुई लावली नाही. मलाई दिली, बोटावर. तिने दोनदा चाटली. रविवारी एका गिऱ्हाइकाची टिश्यूची साडी फॉलसाठी आली होती, ती पूर्ण पसरली आणि चिंधीला उचलून तिच्यावर ठेवलं. त्या बाईंना हे माहीत नाही आणि कळवायचा विचारही नाही.

८ सप्टेंबरला, सोमवारी सकाळी अकराला, आधी एक झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. माझ्या मांडीवर. मला वाटलं होतं डोळे मिटतील. मांजराचे मिटत नाहीत. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप लावून मान हलवली, तरी ती माझ्याकडे बघतच होती.

कोणीतरी म्हणालं, महापालिकेच्या ३११ ॲपवर टाका, निगमची गाडी येऊन घेऊन जाते. आमच्या शहराला स्वच्छतेचं फार. ह्यांनी मागे कढीपत्त्याखाली खड्डा खणला. पावसाने काळी माती लोण्यासारखी झाली होती, मे महिन्यात असती तर कुदळही आत गेली नसती. तिला मी कापसाच्या अस्तरात गुंडाळलं. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून आणलेलं, भिजवून आटवलेलं, चांगल्या प्रतीचं. आता झालंय असं की इंदुरी पोह्यांत कढीपत्ता नसतो म्हणणारे म्हणोत, आमच्या घरी तो लागतो, आणि त्या झाडाला हात लावायला कोणी तयार नाही. बाजारातून आणतो.

नवरात्र दोन आठवड्यांवर होतं. माझा हंगाम. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं म्हणून तीन फोन आले. तिघींना सांगितलं, घरात अडचण होती. मांजर गेलं म्हणून सांगितलं असतं तर पुढचं वाक्य मला पाठ होतं. मुलीने पुण्याहून दोन मिनिटं फोन केला आणि दोन्ही मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही. बरं वाटलं.

बोरमाळेचा मणी बॉबिनच्या डबीत आहे. वाराणसीला इंदूरहून थेट गाडी जाते. सासूबाई दर दोन-तीन दिवसांनी विचारतात, कोणी जाणारं आहे का. मशीनवर बसण्याआधी मी अजून पायडलखाली वाकून बघते.

परवा एक जुनं गिऱ्हाईक दिवाळीचे ब्लाउज टाकायला आलं. माप तेच ठेवू का, म्हणून मी वही उघडली आणि फोन वाजला म्हणून आत गेले. परत आले तर बाई वही वाचत होत्या, बोट दुसऱ्याच पानावर.

"ही चिंधी कोण गं?" त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला माप द्यायला येते? आणि बारीक किती होत चाललीय बघ."

मी पान उलटलं.

"तुमची छाती छत्तीसच ना अजून?" मी विचारलं.