पाऊस खरोखर कमी झाला का, हे नोंदींवरून कसे ठरवावे?

पश्चिम विदर्भातील कोरडवाहू गावांत "पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही" हे वाक्य जितक्या सहज बोलले जाते, तितक्या सहज ते तपासता येत नाही. त्यामागे कपाशीची दुबार पेरणी आणि ऐन फुलोऱ्यात वाळलेले सोयाबीन असते, म्हणून मी ते कधीही हलके मानत नाही. मात्र त्याच गावाच्या जुन्या पर्जन्यनोंदी हाती आल्या, तर त्या काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे कळण्यासाठी संख्याशास्त्राची काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य आकडेमोडीच्या आधीचे आहे. भारतात रोज सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो, पण तो पर्जन्यमापकाच्या भांड्यात पडलेला पाऊस असतो. मापक उघड्या जागेतून इमारतीच्या आडोशाला हलवला किंवा त्याच्या शेजारचे कडुनिंबाचे झाड वाढले, तर गावावर तेवढाच पाऊस पडत असूनही नोंद घटते. झाडामुळे होणारी घट हळूहळू येते, त्यामुळे ती ओळखणे अवघड असते. जागा बदलल्यामुळे नोंदीत एकदम आलेली पायरी, म्हणजे अचानक बदललेली पातळी, मात्र सापडते. त्यासाठी पेटिट यांनी १९७९ मध्ये मांडलेली कसोटी वापरतात. ही कसोटी मालिका प्रत्येक वर्षापाशी तोडून पाहते आणि आधीची व नंतरची वर्षे कुठे सर्वाधिक वेगळी पडतात ते शोधते. तिने दाखवलेले वर्ष हवामान बदलल्याचे की मापक हलल्याचे, हे ती सांगत नाही. ते शेजारच्या केंद्रांशी ताडून ठरवावे लागते: आपल्या केंद्राचा वर्षानुवर्षे साचत जाणारा एकूण पाऊस शेजारच्या केंद्रांच्या सरासरीच्या तशाच बेरजेसमोर आलेखावर मांडला आणि रेषा एखाद्या वर्षी मोडली, तर दोष बहुधा आभाळाचा नसून मापकाचा असतो. ज्या नोंदवहीत मापकाची जागा लिहिलेली नाही, तिच्यावरून निष्कर्ष काढण्यास मी कचरतो.

नोंद विश्वासाची ठरल्यावर कल, म्हणजे वर्षांगणिक होणारी सलग वाढ किंवा घट, तपासण्यासाठी सर्वाधिक वापरली जाते ती मान-केंडल कसोटी. हेन्री मान यांनी ती १९४५ मध्ये मांडली आणि तिचा पाया मॉरिस केंडल यांच्या क्रमांकांवर आधारित सहसंबंधात आहे. ही कसोटी पाऊस किती मिलिमीटरने वाढला किंवा घटला हे पाहतच नाही. प्रत्येक वर्षाची तुलना नंतरच्या प्रत्येक वर्षाशी करून "जास्त" की "कमी" एवढेच मोजते. तीस वर्षांच्या नोंदीत अशा ४३५ जोड्या होतात. कल नसेल, तर साधारण निम्म्या जोड्या चढत्या आणि निम्म्या उतरत्या निघतील. चढत्या आणि उतरत्या जोड्यांतील फरक निव्वळ योगायोगाने आला नसावा असे पाच टक्के पातळीवर (म्हणजे कल नसताना चुकून कल दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांवर ठेवून) म्हणायचे असेल, तर तो किमान १११ जोड्यांचा हवा, म्हणजे एका बाजूला २७३ आणि दुसऱ्या बाजूला १६२. एखाद्या वर्षी ढगफुटीसारखा पाऊस झाला, तरी ते वर्ष फक्त "जास्त" म्हणून मोजले जाते आणि संपूर्ण उत्तर ओढून नेत नाही. विदर्भासारख्या लहरी पावसाच्या प्रदेशात हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

बदल किती झाला, याचे उत्तर कोलकात्यात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ प्रणव कुमार सेन यांच्या १९६८ च्या पद्धतीने मिळते. त्याच ४३५ जोड्यांपैकी प्रत्येकीचा वार्षिक उतार, म्हणजे दर वर्षामागे पडलेला फरक, काढायचा, ते चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला, म्हणजे २१८ वा, उतार घ्यायचा.

सुरुवातीचे आणि शेवटचे वर्ष कोणते घेतले, यावरही उत्तर हलते. १९७२ सारख्या दुष्काळी सालापासून मोजणी सुरू करून ती २०१३ सारख्या अतिपावसाच्या सालाशी थांबवली, तर चढ दिसणारच. म्हणून उपलब्ध असलेली सगळी वर्षे घ्यावीत. तालुक्यांच्या संख्येचेही असेच आहे. विदर्भात १२० तालुके आहेत. कुठेही खरा बदल नसला, तरी पाच टक्के पातळीवर त्यांतील सरासरी सहा तालुके "लक्षणीय कल" दाखवतील, आणि शेजारच्या तालुक्यांचा पाऊस एकमेकांशी जोडलेला असल्याने ते नकाशावर एकत्रही दिसतील. अशा नकाशावरून थेट मथळा बांधणे मला अन्यायाचे वाटते.

याच्या उलट चूकही तितकीच गंभीर आहे. कसोटीत कल आढळला नाही, म्हणजे बदल झाला नाही असे सिद्ध होत नाही. समजा, एखाद्या ठिकाणी वार्षिक सरासरी ८०० मिलिमीटर आहे आणि वर्षावर्षांतील प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या चढउताराचे माप, २०० मिलिमीटर आहे. तिथे तीस वर्षांत पाऊस हळूहळू १०० मिलिमीटरने घटला, तरी ती घट कसोटीच्या हातून बहुतेक वेळा निसटेल. म्हणून "आकडे काहीच दाखवत नाहीत, तुमचा भ्रम आहे" असे शेतकऱ्याला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शिवाय शेतकऱ्याचा प्रश्न बेरजेचा नसतोच. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सायन्स या नियतकालिकात मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातील दैनंदिन नोंदी अभ्यासून दाखवले, की मोसमी पावसाच्या एकूण सरासरीत लक्षणीय कल नसला तरी दिवसाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटना घटल्या. त्या क्षेत्रात विदर्भही येतो. तेवढाच पाऊस थोड्या दिवसांत पडला, तर तो नाल्याला वाहून जातो आणि मधल्या काळात पऱ्हाटी माना टाकते, हे वार्षिक बेरजेत कधीच उमटत नाही.

त्यामुळे मी वार्षिक बेरजेपेक्षा पावसाच्या खंडांची मालिका आधी तपासतो. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाचा दिवस तो पावसाळी दिवस. अशा दोन दिवसांमधील सर्वांत मोठे अंतर दरवर्षी जून ते सप्टेंबर या काळासाठी काढावे. ही संख्या पूर्ण दिवसांत असल्याने अनेक वर्षांची सारखीच निघते, आणि मान-केंडल कसोटीत अशा समान मूल्यांसाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते. किती दिवसांचा खंड घातक धरायचा, हे जमिनीनुसार बदलते: बरड जमिनीतील पीक लवकर सुकते, तर खोल काळ्या जमिनीतील अधिक तग धरते. ही मर्यादा गावातील शेतकऱ्यांना विचारून आणि आकडे उघडण्यापूर्वीच लिहून ठेवावी, कारण आकडे पाहून निवडलेल्या मर्यादेवर कसोटीची पाच टक्क्यांची हमी लागू राहत नाही.