म्हैसमाळ आणि पडलेली चेन

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून पहाटे साडेपाचला सायकलींवर निघालो. दौलताबादच्या कमानीत गाड्या अडकायच्या आत पलीकडे व्हायचं, एवढंच ठरलं होतं. किल्ल्यामागचा घाट लागला आणि मी पेडलवर पूर्ण जोर असतानाच चेन पुढच्या लहान चकतीवर घ्यायला गेलो. पडली. वरच्या वळणावरून दोस्त ओरडला, "लेका, चढ लागायच्या आधी गिअर टाकत जा ना!" बरोबर होतं, म्हणूनच जास्त राग आला.

खुलताबादला भद्रा मारुतीला हात जोडले. हा मारुती निजलेला. त्या घडीला हेवाच वाटला. पोहे, दोन चहा. तिथून म्हैसमाळ साधारण 12 किलोमीटर, पण शेवटचा चढ मान वर करू देत नाही. चाकापुढचं हातभर डांबर तेवढं दिसतं, आणि हँडलवर टपटपणारा घाम.

गिरिजादेवीच्या देवळापाशी टेकलो, पाणी संपवलं, निघालो. उतरताना रस्त्याकडेला सीताफळांची टोपली दिसली. डोळे उघडलेली, बोट लावलं की फुटणारी. ग्रीसच्या हातांनीच खाल्ली.

"तुझ्या तर बियापण काळ्या झाल्या," दोस्त म्हणाला.