उंच पिंजरा, तळाशी साप

ब्रिस्बेनमध्ये मी सुतारकाम करतो. किचनची कपाटं, वॉर्डरोब हे नेहमीचं. मधूनमधून सापांचे पिंजरेही करून देतो. सांगलीला घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "अरे, पण साप पाळतंय कोण?" आपल्याकडे अजगर घरात ठेवला तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. इथे क्वीन्सलँडमध्ये मात्र परवाना काढून इथलाच कार्पेट पायथन जातीचा अजगर पाळता येतो. उलट अमेरिकेत पोरंसोरं पाळतात तो कॉर्न स्नेक इथे बंद, कारण तो परदेशी.

एका निवृत्त बाईंचा फोन आला. पायथन जवळपास दोन मीटरचा, झाडावर चढणारा म्हणून मुद्दाम उंच पिंजरा करून घेतलेला, आणि साप दिवसभर खाली पाण्याच्या भांड्यात बसून. "चढतच नाही हो. फांद्या बदलून द्या," एवढीच मागणी.

हत्यारं बाहेर काढण्याआधी भांड्यातलं पाणी पाहिलं. साप असा पाण्यात बसू लागला की अंगावर गोचिडासारखे बारीक किडे असू शकतात, ते बुडून तळाशी काळे ठिपके दिसतात. पाणी स्वच्छ होतं. मग फांद्या हलवून पाहिल्या. वरची फांदी नुसती दोन भिंतींत अडकवलेली, हात लावला की फिरायची. अशा फांदीवर कोणताही साप अंग टाकणार नाही. पण खरं कारण तेवढंच नव्हतं.

पिंजरा १८० सेंटिमीटर उंच. हीटर छताला. ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर मात्र खाली, जमिनीवर, आणि आकडा लावलेला ३२ अंश. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर असतो. तळाला ३१ दाखवलं, वरच्या फांदीवर ४४! गरम हवा वर जाते. जमीन ३२ व्हावी म्हणून हीटर तापतच राहायचा आणि माथ्याला भट्टी पेटायची. थंड जागाच कुठे नाही, म्हणून बिचारा पाण्यात. ज्यांनी हे बसवलं त्यांनी आडव्या पिंजऱ्याची सवय उभ्यात वापरली असावी. चढणाऱ्या सापाला नुसती उंची देऊन भागत नाही. तो जिथे पडून राहणार, तिथलं तापमान मोजावं लागतं.

बाईंनी सापाला कापडी पिशवीत घेतलं, तोंड बांधलं. तो सोपस्कार त्यांनी इतक्या सराईतपणे केला की मीच दोन पावलं मागे सरलो होतो हे नंतर लक्षात आलं.

सेन्सर वर आणून हीटरखालच्या फांदीच्या पातळीला पक्का केला. हीटरला जाळी नव्हती, ती आधी बसवली. ऊब लागली की पायथन उघड्या हीटरलाच वेटोळं घालतो आणि भाजलं तरी वेळेत सुटत नाही. अंगणात निलगिरीची वाळलेली फांदी पडली होती. घासून, धुऊन, उन्हात ठेवून ती घेतली. सापाच्या अंगाएवढी जाड, साल न काढलेली, कारण गुळगुळीत लाकडावर पकड बसत नाही. प्लायच्या बाहेरून वॉशर घालून लांब स्क्रू मारले आणि फांदीवर माझं वजन टाकून पाहिलं. दुसरी एक तिरकी लावली, वरून खाली उतरायला. थंड बाजूला उंचावर कडा असलेली फळी ठोकून तिच्यावर लपायला खोका ठेवला. नाहीतर सापाला लपणं किंवा उंची, यातलं एकच निवडावं लागतं, आणि तो बहुधा लपणं निवडतो.

सरकत्या काचांमधली फट राहिली होती. तिथे ब्रशची पट्टी लावली, कुलूप घातलं. थोबाडाने ढकलून काच सरकवणं या जातीला जड नाही.

वायरिंगला हात लावला नाही. इथे ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम. प्लग लावून नुसतं वापरायचं असतं, तेवढंच माझं.

तासाभराने मोजलं तर वरच्या फांदीवर ३२, थंड बाजूच्या फळीवर २७, तळाला २५. बाईंना म्हटलं, "आकडे दोन-तीन दिवस वहीत लिहा, सकाळ-संध्याकाळ. तोवर उंदीर देऊ नका." साप सोडला तर तो पाण्याकडे न जाता तिरक्या फांदीला लागला, जीभ काढत. बाई खूष. मी म्हटलं, नवीन वास आहे, म्हणून हिंडतोय. बसतो कुठे ते उद्या बघा. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो आला. साहेब थंड बाजूच्या खोक्यात, डोकं तेवढं बाहेर.

बिलात फांदीचे पैसे लावले नाहीत. ती त्यांच्याच झाडाची होती.