गिऱ्हाईक काय विचारतं, ते आधी टिपून ठेवा

'माल चांगला, भाव वाजवी, तरी जाहिरात वाचून कुणी फोन करत नाही. गिऱ्हाइकाच्या मनातलं लिहा म्हणतात, म्हणजे नेमकं काय लिहायचं?' मुंबईतले छोटे दुकानदार हा प्रश्न सारखा विचारतात. एखादा धंदा समोर ठेवून बोलू. लालबागमधलं मसाला कांडून देणारं दुकान समजा. मार्च ते मे हा त्याचा हंगाम.

अशा दुकानाचं पत्रक बहुतेक असं असतं: '५० वर्षांची परंपरा. उत्तम दर्जा, तत्पर सेवा. एकदा अवश्य भेट द्या.' यात खोटं काही नसेल. पण हाच मजकूर उद्या चष्म्याच्या दुकानाने छापला तरी कुणाला कळणार नाही.

तेव्हा लिहायला लगेच बसूच नका. गल्ल्याशेजारी वही ठेवा आणि आठवडाभर येणारा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा उतरवा. भाषा सुधारायची नाही. व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेजही चाळा. तीस-चाळीस प्रश्न जमले की तेच ते परत येताना दिसतील. मिरची भाजून देता का? देठ काढून आणायची का? आज दिली तर कधी मिळेल? किलोला किती घेता? आणि एक प्रश्न जरा आडून येतो: 'आमच्याआधी कुणाचं कांडलं?' म्हणजे आपल्या निवडून आणलेल्या ब्याडगीत दुसऱ्याची लवंगी तर मिसळणार नाही ना, ही धास्ती. पत्रकाची पहिली ओळ इथे मिळते: 'तुमची मिरची तुमच्यासमोर कांडून देतो.'

'आम्ही'च्या जागी 'तुम्ही' घाला, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अपुरा आहे. 'तुमच्या विश्वासाचं नाव' यात 'तुमच्या' आहे, पण कौतुक दुकानाचंच. वाक्य वाचून गिऱ्हाइकाची एखादी शंका मिटते का, एवढंच तपासा. मिटत नसेल तर खोडा.

अडचणीचं असेल तेही आधीच सांगून टाका. किलोभर मिरची दिली आणि मसाला कमी भरला, की कुरबुर ठरलेली. देठ गेले, भाजताना ओलावा उडाला, हे पत्रकात एका ओळीत असलं तर काउंटरवर वाद होत नाही. तसंच 'मिरची कडकडीत वाळवून आणा, दमट असली तर बारीक होत नाही आणि मसाल्याला बुरशी धरते' हेही. यात दुकानाचा कमीपणा नाही. उलट यांना कामातलं कळतं, हे न सांगता पोचतं.

भाव लिहा. 'दरासाठी संपर्क साधा' वाचून लोक संपर्क साधत नाहीत, शेजारच्या दुकानात जातात. दर बदलता असेल तर 'अमुक तारखेपर्यंत' असं घाला.

पत्त्याचीही हीच गत. 'लालबाग मार्केटजवळ' एवढं लालबागकरांना पुरतं, डोंबिवलीहून पाच किलोची पिशवी घेऊन येणाऱ्या बाईला नाही. तिला स्टेशन, पूर्व की पश्चिम आणि किती मिनिटं चालायचं ते हवं. 'चिंचपोकळीला उतरा, पूर्वेला या. फास्ट गाडी थांबत नाही, स्लो पकडा.' माझ्या मते अख्ख्या पत्रकातली सर्वांत कामाची ओळ हीच.

आता जागेचं गणित. मराठी एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. आणि मोजणी आपल्यासारखी होत नाही: काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं धरतात. 'स्वच्छ' हा शब्द सहा खातो. वरची 'तुमची मिरची...' ही ओळ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ३६ होते. ७० च्या पुढे एक अक्षर गेलं तरी दोन मेसेजचे पैसे लागतात. शिवाय धंद्याच्या एसएमएसचा साचा आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत, नोंदवावा लागतो, मग ठरलेल्या रिकाम्या जागांपलीकडे शब्द बदलता येत नाही. म्हणून नोंदणीआधीच मोजा. व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पावती देताना 'नंबर सेव्ह करा, दुकान बंद असेल तेव्हा कळवू' असं सांगा. नुसतं 'सेव्ह करा' म्हटल्यावर कोण करतंय!

राहिला तारांकित बारीक अक्षरांचा प्रश्न. वर मोठ्या मराठीत 'कांडप मोफत' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत 'अटी लागू', हे चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्याने मूळ दावा खोडून काढता कामा नये. अशा जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच किलोच्या वरच मोफत असेल तर मथळ्यातच लिहा: 'पाच किलोच्या वर कांडप मोफत.' आणि '५० वर्षं' छापायची तर जुनी पावती, परवाना असं काहीतरी हाताशी ठेवा.

छापायच्या आधी मजकूर दुकानाशी संबंध नसलेल्या एकाला वाचायला द्या, मग कागद काढून घ्या आणि विचारा: काय मिळतं, कितीला, कुठे उतरायचं? जिथे तो अडखळेल ती ओळ पुन्हा लिहा. 'छान आहे' असं म्हणाला तर ते धरू नका.