चिरेखाणीतला तांबडा

सकाळी खाणीची उभी भिंत सावलीत होती, तोवर चित्राला हात छान चालला होता. ऊन आत शिरलं आणि जांभ्या दगडाचा रंगच पालटला. वर काळपट कातळ, त्याखाली विटकरी थर, मध्येच जांभळट शिरा, आणि तळाकडे हळदीसारखा पिवळा पट्टा. रंगपेटीत बर्न्ट सिएना होता, लाइट रेड होता, दोन्ही तयार तांबूस रंग. काहीही मिसळलं तरी रंग एक तर गोड व्हायचा, नाही तर मळकट.

राजापूर तालुक्यातल्या या खाणीवर मी मुद्दाम मार्चमध्ये आले होते, पावसाळ्यात काम बंद असतं म्हणून. जलरंगात माझं उभं आयुष्य गेलंय. कातळाचे सडे, खाड्या, पावसातला घाट, हेच माझे विषय. पण रंग मात्र कायम नळीतून पिळून घेतलेला. सिएना हे इटलीतलं गाव आणि तिथली माती भाजून बर्न्ट सिएना करतात, हे विद्यार्थी असतानाच पाठ झालं होतं. त्यापलीकडे मी कधी गेले नव्हते.

मुकादम बराच वेळ मागे उभे राहून बघत होते.

"रंग जमत नाय वाटतं, ताई?"

"नाही ना हो."

त्यांनी करवतीखालचा मूठभर भुगा उचलून माझ्या कागदाशेजारी ठेवला. "मग हाच लावा की!"

मी जेवणाच्या डब्यांत तांबडा भुगा, जांभळट खडे आणि पिवळी माती भरून घेतली आणि दुपारीच मुक्कामाच्या घरी परतले. अंगणात माती पाण्यात ढवळायची, वाळू क्षणभर तळाला बसू द्यायची आणि वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतायचं. असं करत करत शेवटी बोटांना कण लागेनासा झाला, तेव्हा तो गाळ फडक्यावर पसरला. मार्चचं ऊन, वाळायला कितीसा वेळ लागणार?

थोडी पिवळी माती भाजून बघायची म्हटल्यावर त्या घरच्या काकूंनी चुलीवर जुना लोखंडी तवा ठेवून दिला, आणि त्याही बघत बसल्या. आधी वाफ निघाली. मग कडेने नारिंगी झाक आली, ती आत सरकत गेली, आणि उलथन्याने परतता परतता तव्यावरची सगळी माती तांबडी झाली. "अगो बाई, हा तर गेरूच झाला!" काकू म्हणाल्या. तुळशीवृंदावन रंगवायला त्या दर वर्षी गेरू बाजारातून आणतात.

घडतं ते असं: या पिवळ्या मातीत लोखंडाच्या ऑक्साइडला पाणी बांधलेलं असतं. आचेने ते उडून जातं आणि हेमटाइट नावाचं तांबडं ऑक्साइड उरतं. अजिंठ्याच्या भिंतींवरचे तांबडे-पिवळे हे असेच मातीचे रंग. तिथला निळा मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. उजेडाने मातीचे रंग विटत नाहीत. अलिझरिन क्रिमसनसारखा देखणा लाल उन्हात फिका पडत जातो, हे मी स्वतः पाहिलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो.

रात्री काचेवर डिंकाचं पाणी आणि मधाचा थेंब घालून तिन्ही रंग घोटले. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. ते प्रमाण हातालाच शोधावं लागलं.

सकाळी पुन्हा खाणीत. हातकागद ओला करून त्यावर मातीचा पहिला हात दिला. पाणी ओसरलं तसे रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसले, आणि जांभ्याचा सच्छिद्र खरखरीतपणा आपसूक उमटला. त्यासाठी मी एरवी कोरड्या ब्रशने किती झटते!

चित्र वाळल्यावर मुकादमांनी ते जवळ घेतलं. बोट थेट पिवळ्या पट्ट्यावर ठेवलं आणि शेजारच्या कामगाराला म्हणाले, "बघ, हितला चिरा घ्यायचा नाय. मऊ असतो, भिंतीला टिकत नाय."