बोटीची नोंदणी आणि अडलेले ना-हरकत पत्र: माझा अनुभव

नाशिकजवळच्या एका जलाशयात प्रवासी बोट चालवण्याची कागदपत्रे मिळवायला आम्हाला जेवढा वेळ लागला, त्यातला बहुतेक एका ना-हरकत पत्रापायी गेला आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. इंजिनाच्या बोटीला सर्वेक्षण, नोंदणी आणि विमा हवाच, असे १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ सांगतो. त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. अर्ज, शुल्क आणि विमा ही कामे आठवड्याभरात उरकली.

अडले ते त्यानंतर. ना-हरकत पत्र, म्हणजे जलाशयात बोट उतरवण्याची परवानगी, मागायला गेलो, तर आधी नोंदणी प्रमाणपत्र आणा, असे सांगण्यात आले. नोंदणीच्या टेबलावर गेलो, तर बोट कोणत्या पाण्यात चालणार त्याचे ना-हरकत पत्र आधी हवे, असे उत्तर मिळाले. दोन्हीकडची माणसे बोलायला चांगली होती, पण आपले म्हणणे लेखी द्यायला कोणी तयार होईना. जानेवारीत दिलेला अर्ज मार्च संपेपर्यंत त्याच फायलीत पडून होता, आणि प्रत्येक खेपेला "साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या" एवढेच ऐकून आम्ही परतत होतो. इकडे उन्हाळी सुट्टीचा हंगाम तोंडावर आला होता आणि बोटीच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. शेवटी एका वरिष्ठ लिपिक बाईंनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, "दादा, 'नोंदणीच्या अधीन राहून' असे सशर्त पत्र मागा ना." तेवढे शब्द घालून नवा अर्ज दिला आणि नवव्या दिवशी पत्र हातात पडले. हा मार्ग पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता, हे आठवले की आजही जीव तळमळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका; आमच्या पहिल्या अर्जावर तो नव्हता.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांविषयी मात्र आदरच वाटतो. त्यांनी मला लाइफ जॅकेट घालायला लावले आणि खांद्यांशी धरून वर ओढले, तर ते थेट कानांपर्यंत आले. पाण्यात पडल्यावर हेच होते: जॅकेट वर तरंगते आणि माणूस त्यातून खाली निसटतो. मांड्यांमधून घेण्याचा पट्टा असलेली जॅकेटे आम्ही त्याच आठवड्यात आणली, मुलांसाठी लहान मापाची वेगळी. चालक पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरी त्याच्या मनगटाला बांधलेलीच हवी, हेही त्यांनीच करून दाखवले. पोहणारा किंवा पाणबुड्या जवळ असेल, तर इंजिन नुसते न्यूट्रलला ठेवून भागत नाही, ते पूर्ण बंद करावे लागते.

गोदावरीला पूर आला की आपण नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून, पाणी कुठवर चढले त्यावरून पुराचा अंदाज बांधतो. जलाशयात धोका सांगणारी अशी खूण नसते, म्हणून वारा सुटताच आम्ही फेऱ्या थांबवतो. बोटीच्या दोन्ही अंगांवर '८ प्रवासी' असे ठळक रंगवले आहे, आणि नववा माणूस कितीही ओळखीचा असला तरी पुढच्या फेरीसाठी काठावर थांबतो.