आमची वाटचाल : मल्टिकोरपासून राउटरपर्यंत

वडिलांनी बडोद्याच्या दांडिया बाजारात ध्वनिक्षेपणाचे साहित्य भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा कर्णे, एक अँप्लिफायर आणि मोजके मायक्रोफोन एवढाच ऐवज होता. गणेशोत्सवातील मंडळे, मराठी मंडळींच्या नाट्यसंगीताच्या मैफली आणि लग्नकार्ये यांवर पेढी उभी राहिली; पुढे नवरात्रातील गरब्याची कामे मिळू लागली आणि व्यवसायाचे मानच बदलले. २०१२ मध्ये बेहरिंजर कंपनीचा एक्स ३२ बाजारात आल्यावर डिजिटल मिक्सर (अनेक माइकांचे आवाज एकत्र करून त्यांची पातळी ठरवणारे यंत्र) लहान पेढ्यांच्याही आवाक्यात आला आणि काही काळाने आम्हीही तो घेतला. वाटचालीतील इतर खरेदीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सर्वाधिक विचार ज्या वस्तूवर करावा लागला, ती म्हणजे वाय-फाय राउटर, मिक्सरच्या तुलनेत अगदीच स्वस्त होती, म्हणून तिच्याविषयीच सविस्तर लिहितो.

गरब्याच्या मैदानावर मिक्सर व्यासपीठाजवळ ठेवावा लागतो, कारण तेथून दूरवर मल्टिकोर (सर्व माइकांच्या तारा एकत्र नेणारी जाड केबल) ओढली की ती खेळणाऱ्यांच्या पायाखाली येते. परंतु व्यासपीठाजवळ बसून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ढोल कसा ऐकू येतो, हे कळत नाही. टॅबलेट हातात घेऊन मैदानभर फिरत मिक्सर चालवणे हाच त्यावरचा उपाय आहे. एक्स ३२ मध्ये स्वतःचे वाय-फाय नाही. त्याच्या मागील बाजूस नेटवर्क केबलची जागा आहे आणि तिला बाहेरचा राउटर जोडावा लागतो. काही लहान मिक्सरमध्ये वाय-फाय आतच असते, पण असा मिक्सर बहुधा व्यासपीठावर रॅकमध्ये, लोखंडी सांगाड्यांच्या आणि एलईडी भिंतीच्या आडोशाला ठेवलेला असल्यामुळे तेथून निघणारा सिग्नल मैदानापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून मिक्सर कोणताही असो, राउटर वेगळा आणि आपला स्वतःचा असावा, असे आमचे ठाम मत झाले.

राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे. वाय-फायवरून ध्वनी जातच नाही. फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) किती वर सरकवला आणि कोणते बटण दाबले एवढीच अत्यल्प माहिती ये-जा करते. त्यामुळेच टॅबलेटचा संपर्क तुटला तरी ध्वनी बंद पडत नाही, मिक्सर शेवटच्या मांडणीवर तसाच चालू राहतो. मात्र नेमक्या त्याच क्षणी गायिकेचा माइक शिट्टी देऊ लागला, तर तो खाली घेण्यास हातात काहीच उरत नाही. तेव्हा आम्हाला वेग नको होता, तर हजारो माणसांच्या गर्दीतही न तुटणारा संपर्क हवा होता.

ही गर्दीच खरी अडचण आहे. संध्याकाळी रिकाम्या मैदानावर साउंडचेक करताना कोणताही राउटर चांगलाच वाटतो. गरबा रंगात आला की त्याची परीक्षा सुरू होते. माणसाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे ते या लहरी शोषून घेते, आणि खिशाखिशातील मोबाइल, त्यांचे हॉटस्पॉट व ब्लूटूथ हे सारे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गर्दी करतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल (पट्ट्याचे क्रमांक दिलेले लहान भाग) सहसा १, ६ आणि ११ अशी तीनच मानली जातात. प्रकाशयोजनेतील दिवे नियंत्रित करणारी बिनतारी डीएमएक्स यंत्रणा आणि काही स्वस्त बिनतारी माइकही पुष्कळदा त्याच पट्ट्यात चालतात. म्हणून आम्ही ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडला. त्याच्या लहरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात हे खरे, परंतु उघड्या मैदानावर भिंती नसतात.

या पट्ट्यातही कोणतेही चॅनेल चालत नाही. ५२ ते १४४ या दरम्यानच्या चॅनेलवर रडारला अग्रक्रम असतो. राउटरला आधी किमान एक मिनिट ऐकत थांबावे लागते आणि पुढे रडारची चाहूल लागली, तर चालू कामातच ते चॅनेल सोडावे लागते. हरणीला विमानतळ असलेल्या आमच्या शहरात ही जोखीम पत्करण्याचे कारण नव्हते. त्यामुळे ज्या राउटरमध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढील चॅनेल आपल्या हाताने पक्के करता येते, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झवर आणता येते आणि दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देता येतात, असाच राउटर घ्यायचा, हा आमचा पहिला निकष ठरला. रुंदी कमी केली की वेग घटतो, पण शेजारच्या सिग्नलची बाधाही घटते, आणि वेगाची आम्हाला गरजच नव्हती. दुकानदार मात्र प्रत्येक वेळी अधिक अँटेनांचे आणि अधिक वेगाचे यंत्र पुढे करी. आम्ही ते न घेता त्याच्या सेटिंगचे पान दाखवण्याचा आग्रह धरत असू, आणि दुकानदाराला तो आग्रह फारसा रुचत नसे.

राउटर कोठे ठेवावा हे राउटर कोणता घ्यावा याच्याइतकेच महत्त्वाचे आहे. आम्ही तो स्पीकरच्या स्टँडवर, माणसांच्या डोक्यांपेक्षा वर बांधतो आणि तेथून मिक्सरपर्यंत नेटवर्क केबल आणतो. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा अंतराची चिंता नसते. सिग्नल लांब नेण्यासाठी रिपीटर लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो आम्हाला पटत नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर विलंब वाढतो आणि बिघडू शकणारी आणखी एक वस्तू मध्ये येते. जनरेटर बदलताना वीज क्षणभर जरी गेली, तरी राउटर पुन्हा सुरू होऊन स्थिर होण्यास काही वेळ जातो. म्हणून त्याच्या अडॅप्टरला छोटा यूपीएस जोडलेला असतो.

मिक्सरला नेटवर्कवरचा कायमचा एकच पत्ता दिलेला असतो. टॅबलेट सिमकार्डाविना वापरतो, कारण ज्या वाय-फायवर इंटरनेट नाही, ते सोडून मोबाइल डेटाकडे वळण्याची सवय बऱ्याच उपकरणांना असते. त्याच सेटिंगचा दुसरा राउटर पेटीत तयार असतो, आणि मिक्सरजवळ एक माणूस सतत बसलेला असतो. कारण टॅबलेट ही सोय आहे, मिक्सरचे फेडर हा आधार आहे.

आयोजक अनेकदा म्हणतात, की मैदानावर आमचे वाय-फाय आहेच, त्यावरच तुमचे काम करा. ते आम्ही नम्रपणे नाकारतो, कारण ज्या जाळ्यावर तिकीट तपासणी आणि पाहुण्यांचे मोबाइल चालतात, त्यावर आमचा ताबा नसतो. उलट आमच्या वाय-फायचा पासवर्ड मागणारेही दर वर्षी भेटतात. त्यात इंटरनेटच नाही हे सांगितले, की मागणी आपोआप थांबते.